सहा दिवसांचा गोंगाट

१

रुपचंद मेला तेव्हा दारावरचा दिवा हिरवा होता.

नशिराबादच्या पुढे, हायवेपासून थोडं आत, युवराज नारखेडे यांचं केळी पिकवायचं केंद्र आहे. चार खोल्या, जाड दारं, रबराच्या कडा. हिरवी केळी क्रेटमधून आत जातात, दार लागतं, वर इथिलीन सोडतात, आणि तीन-चार दिवसांनी पिवळा माल बाहेर येतो. बघणाऱ्याला वाटतं, फळ झोपलं होतं, उठलं. पण केळी तोडली तरी श्वास घेतच राहतात. बारा टन केळी बंद खोलीत श्वास सोडत राहिली की तो उच्छ्वास, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जमिनीलगत साचतो. दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणसाचा जीव घेतो.

तो बाहेर काढायला पंखा असतो. पूर्वी तो हातानं लावायचे. वर्षभरापूर्वी तीन नंबरच्या खोलीत अमळनेरच्या एका महाविद्यालयात संशोधन करणाऱ्या मृणालीनं आपली पेटी बसवली. पेटीतून एक पितळी टोपी खोलीत डोकावते. टोपीच्या जाळीआड जस्ताच्या ऑक्साइडच्या सुया उभ्या असतात, केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक. वायू सुयांना शिवला की त्यांच्यातून जाणारी वीज बदलते, आकडा चढतो, पंखा आपोआप सुरू होतो, दिवा लाल होतो.

कोजागिरीच्या आदल्या सकाळी दिवा हिरवा होता. ऑपरेटर नवलनं दार उघडलं. त्याच्या सांगण्यावरून कामगार रुपचंद माल बघायला मागच्या रांगेत गेला. नवल ट्रॉली आणायला वळला, परतला, तेव्हा रुपचंद क्रेटला टेकून बसलेला, मान छातीवर. नवलनं त्याला ओढत बाहेर आणलं आणि स्वतः उंबऱ्यावर ओकला. रुपचंद उठला नाही.

दुपारी मृणालीनं आधी एकटीनं पेटी उघडून तपासली, मग पोलिसांसमोर टोपीवर वायू सोडून दाखवला. दिवा लाल झाला, पंखा फिरला, भोंगा वाजला. सगळं शाबूत.

सेन्सर चांगला. पंखा चांगला. पंख्याचा हातानं बंद करायचा खटका एकच, आणि त्या खोलीवर हात एकाचाच. नवलला चौकीत नेलं, दोन दिवस बसवलं, मग सोमवारी परत यायच्या बोलीवर सोडलं. चौकीतून सुटून तो सरळ रुपचंदच्या घरी गेला. रुपचंदची बायको सुनंदाबाई दारात आली.

"आत येऊ नको," ती म्हणाली. आणि दार लावून घेतलं.

२

धुळ्याहून सुरक्षा निरीक्षक संघमित्रा बैसाणे आल्या तो शुक्रवार होता. त्यांचा अहवाल सोमवारी जायचा होता. त्यावर नवलचं नाव गुन्ह्यात चढणार की नाही हे ठरणार होतं. बाई पन्नाशीच्या, बोलणं कमी. समोरचा बोलायला लागला की त्या चष्मा काढून पुसत बसत, आणि समोरच्याला वाटे आपण फार बोललो.

"खटका बंद केला होता?" त्यांनी नवलला विचारलं.

"नाही मॅडम."

"सगळे म्हणतात केला."

"मग मी खोटा." नवल तीन नंबरच्या दाराकडे बघत नव्हता. "मॅडम, मी बारा वर्षं या खोल्यांत आहे. हातानं पंखा लावायचो तेव्हा कोणाला साधी चक्कर आली नाही. पेटी आली तर शेठ म्हणाले, आता तू हात लावू नको, उगाच गॅस वाया जातो. नाही लावला."

"आकडे कोण लिहितं?"

त्यानं वही पुढे केली. दर दोन तासांनी एक आकडा, सुवाच्य अक्षरात. संघमित्राबाईंनी पानं मागे उलटली. नवरात्रात आकडे चढत-उतरत होते, दोनशे, तीनशे दहा, एकशे नव्वद, पुन्हा तीनशे. खंडेनवमीच्या सकाळी दहापासून मात्र एकशे चाळीस. एकशे चाळीस. एकशे एकेचाळीस. एकशे चाळीस.

"हे काय?"

"तेच मी शेठला म्हटलं. ते म्हणाले, मशीन सेट झालं असेल."

युवराज नारखेडे ऑफिसात होते. चहा सांगितलेला, माणूस घाबरलेला, पण बोलायची सवय जाईना.

"मॅडम, रीडिंग बघा ना तुम्ही! पाणी निवळतं तसं निवळलेलं. पेटी एक नंबर आहे. माणूसच निष्काळजी निघाला."

"बारा टन केळी आत. वरून गॅस सोडलेला. आणि आकडा रिकाम्या खोलीचा?"

युवराजनी कप खाली ठेवला.

"म्हणजे?"

"दसऱ्यानंतरचा पहिला माल कधी भरला?"

"एकादशीच्या संध्याकाळी. अडीच दिवस बंद होता." ते थांबले. "मी काही पेटीत बोट घातलेलं नाही हां, मॅडम. मला तर तिचं झाकणसुद्धा उघडता येत नाही."

"पेटीची माहिती कुठे साठते?"

"या लॅपटॉपवर. पासवर्ड मला ठाऊक, मृणालीताईंना ठाऊक. आकडे एका फोल्डरात. दुसरं एक आहे, नॉइज नावाचं, म्हणजे गोंगाट. त्याला काही अर्थ नाही, खरखर असते नुसती. ताई म्हणतात, राहू द्या."

संघमित्राबाईंनी ते फोल्डर उघडलं. एका दिवसाची एक फाइल, वर्षभराची रांग. आकड्यांच्या फायली सगळ्या होत्या. खरखरीच्या रांगेत मात्र एक खिंडार होतं, खंडेनवमीपासून रुपचंद मेला त्या दिवसापर्यंत.

बरोबर सहा दिवस.

३

शेडमध्ये बायका फण्या वेगळ्या करत होत्या. भिकुबाई त्यांच्यातली सर्वांत जुनी. मूळची पारोळ्याकडची, साठीची, हात चिकानं काळे. नवल तिचा मुलगा.

"बसा बाई," तिनं क्रेट पालथा करून दिला. "मना आंडोरले सोडावाले उन्यात का धरावाले?"

"बघायला आलेय, अक्का."

"बठ्ठा तेच सांगतस."

संघमित्राबाईंनी शेडभर नजर फिरवली. वजनकाट्यावर कुंकवाचा टिळा, ट्रॉलीच्या दांडीवर टिळा, विजेच्या बोर्डावर हळदीची पाच बोटं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली होती. इथे ते कुंकू कोणी पुसत नाही. आपण होऊन जाईल तेव्हा जाईल.

"पूजा तुम्हीच करता?"

"तीस वरीस." भिकुबाईचा चेहरा जरा सैलावला. "कोयतापासून काटापावत. जे आपले पोसस त्याले कुकू लावानं. पेटीलेबी लायं, सकाळी साडेदहाले."

"पेटीच्या झाकणाला?"

"झाकनले आनि टोपीलेबी. गये साल ती पेटीवाली पोर टोपीले हात लावू देत नव्हती. माले भलता राग उना, मी महिनाभर बोलनू नही तिनासंगे. औंदा तिनीच म्हने, अक्का, टोपीले लावा, चांगलं भरीसन लावा." ती हसली. "गुणी पोर शे. मंग लगेच टोपी काढाले हात घालं तिनी. मी म्हंतं, पूजेल हत्यारले आज हात नही लावतस माय, सकाय बघ. गई मंग ती."

संघमित्राबाई उठल्या आणि तीन नंबरच्या खोलीत गेल्या. पंखा आता सतत चालू होता. पेटीच्या झाकणावर कुंकू होतं, जरा फिकटलेलं.

टोपीवर काहीच नव्हतं. जाळीच्या एकाही भोकात लाल कण नाही, पितळेवर पुसल्याची खूण नाही. कुंकू तिला कधी शिवलंच नव्हतं.

४

धुळ्याला देवपुरात प्रेमराज सर राहतात. मृणालीचे मार्गदर्शक; निवृत्त झाले तरी पेटी दर तासाला दहा सेकंदांची खरखर त्यांच्याकडेही पाठवते. पेटीच्या कागदांवर त्यांचं नाव पाहून शनिवारी सकाळी संघमित्राबाई त्यांच्या ओसरीवर पोचल्या. सरांनी दसऱ्यापासून त्या नोंदी उघडल्याही नव्हत्या; नातवंडं आली होती.

"तुम्ही गोंगाट मागायला आलात," सर म्हणाले. "एवढ्या वर्षांत पहिल्याच."

"तो कशाला जपता, हे आधी सांगा."

"डोळे बांधून तुम्हाला पारोळ्याच्या गुरांच्या बाजारात उभं केलं, आणि मग अमळनेरच्या एसटी स्टँडवर. आवाज दोन्हीकडे तेवढाच मोठा समजा. ओळखाल?"

"ओळखीन."

"कसं? मोठा किती, यावरून नाही. आतला कोलाहल वेगळा. त्या सुयांवर वायूचे कण येतात, टेकतात, उडतात. इथिलीनची बसायची रीत वेगळी, केळीच्या उच्छ्वासाची वेगळी. सरासरी आकडा सांगतो किती आलेत. गोंगाट सांगतो कोण आलंय. पेटी सध्या सरासरीवरच चालते. गोंगाटावर चालवायची तेच तर मृणालीचं काम."

त्यांनी संगणकाला स्पीकर जोडला. अष्टमीच्या दुपारचे दहा सेकंद. खोल, असमान, मधेच दबून पुन्हा उसळणारी खरखर. दूरवर शेतातून वारा यावा तशी.

"ही जिवंत. खंडेनवमी, सकाळी नऊ." तीच खरखर. "दहा."

स्पीकरमधून एकसुरी, बारीक फुसफुस आली. सर पुढे वाकले. त्यांनी अकरा लावलं, बारा लावलं, दसऱ्याची सकाळ लावली, द्वादशी लावली. तीच फुसफुस, रिकाम्या रेडिओसारखी.

"सेन्सर बिघडला होता?"

"बिघडलेला सेन्सर असा बोलत नाही," सर हळू म्हणाले. "तो कण्हतो, अडखळतो. हा साधा रेझिस्टर आहे बाई. टोपी तीच, आत सुया नाहीत. पेटी तपासायला असा डमी जवळ ठेवतात. त्याच्यासमोर वायू असो नसो, तो एकच आकडा देणार."

"एकशे चाळीस."

सरांनी स्पीकर बंद केला.

"पूजा साडेदहाला झाली," संघमित्राबाई म्हणाल्या. "म्हणजे पूजेच्या गडबडीत कोणी चुकून दुसरी टोपी लावली, असं नाही. पूजेच्या आधीच, नऊ ते दहाच्या मधे, ती मुद्दाम बदलली. डमी कुणाकडे असतो?"

अंगणात नातवंडांचा चेंडू भिंतीवर आदळत होता. सरांनी तो चार-पाचदा ऐकला.

"तिच्या डब्यात," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं, सोबत ठेवत जा."

त्यांनी पेन ड्राइव्ह काढला, नोंदी त्यात भरल्या आणि तो हातात धरून बसून राहिले.

"गोंगाट कधी टाकून देऊ नकोस, हे मी तिला पहिल्या दिवशी शिकवलं," असं म्हणून त्यांनी तो पुढे केला.

५

अमळनेरच्या प्रयोगशाळेत शनिवारी दुपारी मृणाली एकटीच होती. वय अठ्ठावीस, डोळे न झोपल्यासारखे. तिनं खुर्ची पुसून दिली.

"नवलभाऊंचं काय झालं, मॅडम?"

"ते तुझ्यावर आहे."

ती उभीच राहिली.

"माझ्यापुढे तिघंजण होते," संघमित्राबाईंनी चष्मा काढला. "नवल, युवराज आणि तू. कोणीतरी लॅपटॉपवरून सहा दिवस पुसले. नवलला पासवर्ड ठाऊक नाही. युवराजना काही लपवायचं असतं तर त्यांनी आकडे पुसले असते, त्यांना तेवढेच कळतात. खरखर त्यांच्या लेखी कचरा; पुसलीच असती तर सगळी पुसली असती. इथे आकडे जागेवर आहेत आणि खरखर गेली आहे, तीही नेमकी सहा दिवसांची. खरखर साक्ष देऊ शकते, हे त्या केंद्रात एकाच माणसाला ठाऊक होतं."

मृणालीच्या हातात फडकं तसंच होतं.

"आता टोपी. भिकुबाईंनी खंडेनवमीला तिला भरून कुंकू लावलं. आज जी टोपी आहे तिला कुंकवाचा स्पर्श नाही. म्हणजे पूजा झाली ती दुसरीची. रुपचंद गेला त्या दुपारी पोलिसांना तपासून दाखवायच्या आधी पेटी तूच उघडली होतीस. ती दुसरी टोपी दाखव."

मृणालीनं खण ओढला. जेवणाच्या छोट्या डब्यात कापूस, कापसात पितळी टोपी. जाळीची भोकं कुंकवानं बुजलेली, कडेला हळदीच्या बोटाची खूण.

"धुवायला झालं नाही," ती म्हणाली.

तिनं डबा टेबलावर ठेवला. मग एकदम बोलायला लागली.

"त्या सुयांवर कुंकवाचा कण बसला, उदबत्तीचा धूर बसला, तर खेळ खलास. गेल्या वर्षी मी नको म्हणाले. अक्का महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. शेडमध्ये मी एकटी जेवायचे. या वर्षी म्हटलं, कशाला दुखवायचं? सकाळी खरी टोपी काढून डब्यात ठेवली, डमी लावला. त्याला काय, किती का कुंकू लावा. पूजा झाली की लगेच बदलणार होते. अक्का म्हणाल्या, आज हात लावायचा नाही. त्यांच्यासमोर कसा लावू? म्हटलं, उद्या."

"आणि उद्या?"

"उद्या दसरा. धुळ्याला बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. म्हटलं खोली रिकामी आहे, माल भरायच्या आधी येईन. रोज मोबाइलवर आकडा बघत होते. एकशे चाळीस, हिरवा दिवा. मला, मॅडम, मला तो हिरवा दिवा बघून बरं वाटायचं! मीच लावलेला डमी, आणि मीच त्याला फसले. माल भरल्याचं कुणी कळवलं नाही. कळवायचं त्यांना कारणच नव्हतं. पेटी होती ना."

"हे सगळं अपघातात बसलं असतं," संघमित्राबाई म्हणाल्या. "पुसलंस कधी?"

"त्याच संध्याकाळी. सरांकडेही नोंद जाते, हे तेव्हा सुचलंच नाही."

"नवल तेव्हा कुठे होता?"

मृणालीनं खाली बघितलं.

"चौकीत," ती म्हणाली.

संघमित्राबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. तिनं लिहायला घेतलं. पहिलीच ओळ खोडली, पुन्हा लिहिली. दोन पानं झाली. सही करून तिनं पेन ठेवलं.

"अक्कांना मी सांगू? तुम्ही नका सांगू."

६

रविवारी सकाळी शेड बंद होती. भिकुबाई घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा निवडत होती. मृणाली तिच्यासमोर जमिनीवरच बसली आणि सगळं सांगितलं, डमी, कुंकू, डबा, पुसलेल्या फायली. संघमित्राबाई लिंबाखाली गाडीपाशी उभ्या होत्या. नवल दाराच्या चौकटीला टेकलेला.

भिकुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हंजे मी जिले कुकू लायं ती टोपी खोटी व्हती."

"हो अक्का."

"आनि मना आंडोर दोन दिवस तठे बसना, ते तुले माहीत व्हतं."

"हो."

मृणाली वाट बघत होती. शिवी आली असती तर तिला चाललं असतं. भिकुबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"नही का म्हंतं नही तू माले? डोयामा डोया घालीसन सांगतीस, अक्का, कुकूवरी यंतर मरस. मी रुसती. दोन महिना रुसती. बस." तिनं मान वर केली. "रुसेल बाई मरस का वं? रुपचंद मरना."

मृणाली रडली नाही. तिला रडायचा हक्क वाटत नसावा. थोड्या वेळानं ती उठली आणि गाडीत जाऊन मागच्या सीटवर बसली. चौकीपर्यंत तिला त्याच गाडीतून जायचं होतं.

संघमित्राबाईंनी अहवाल तिथेच बॉनेटवर पूर्ण केला. कारण या रकान्यात त्यांनी तीन ओळी लिहिल्या: सेन्सरच्या जागी डमी राहिला, हातानं पंखा लावू नये असा मालकाचा आदेश होता, खोलीत शिरण्याआधी हवा तपासायचं दुसरं साधन नव्हतं. पूजेचा उल्लेख त्यांनी केला नाही. तो मृणालीच्या कागदात होता, तेवढा पुरे होता. नवलच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, दोष नाही. त्याला वाचून दाखवलं.

त्यानं मान हलवली. मोटारसायकल काढली. आईनं विचारलं, कुठे? त्यानं उत्तर दिलं नाही.

नशिराबादेत रुपचंदच्या गल्लीत तो उतरला तेव्हा सुनंदाबाई अंगण झाडत होती. बातमी अजून तिथे पोचली नव्हती. तो फाटकाबाहेरच थांबला.

"वहिनी, खटका मी बंद केला नव्हता. आज ते कागदावर आलं," तो म्हणाला. "पण त्याला आत मीच पाठवलं. दिवा बघून पाठवलं. दिव्यावर विसंबायला नको होतं, हातानं पंखा लावायला पाहिजे होता. तेवढं सांगायला आलो."

सुनंदाबाई खराटा धरून उभी राहिली. तो परत वळला, गाडीला किल्ली लावली.

"कोणी केलं, ते तरी सांगून जा," मागून आवाज आला.

त्यानं वळून बघितलं. तिनं फाटकाची कडी काढली होती. ओट्यावर एक पोतं अंथरलं आणि त्याच्यासाठी पाणी आणायला ती आत गेली.